उजेडालाही नंबर

४ फेब्रुवारी

भावोजी,

आशीर्वाद. आधी बातमी, मग तब्येतपाणी. मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी, शाळेच्या नोकरीतून स्वतःहून मोकळी होऊन, विद्यापीठात रसायनशास्त्राच्या संशोधनासाठी नाव घातलंय. लग्नाच्या वेळी अर्धवट सोडलं ते हेच का, असं विचाराल, तर नाही. ते काम एव्हाना कुणीतरी करून, छापून, विसरूनही गेलं असेल. हे नवीन आहे.

फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तुम्ही प्राध्यापक असता आणि दोन मिनिटांत आपण 'जेवलात का' वर येतो. कागदावर तुम्ही अजून माणसात आहात.

तुमच्या दादांना सांगितलं तेव्हा ते चष्म्याचं दुकान बंद करून नुकतेच आले होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घरी किती वाजता येशील?" मी म्हटलं, "तुमच्यानंतर." त्यावर म्हणाले, "म्हणजे चहा मला शिकावा लागणार." शिकतायत. पहिल्या दिवशी साखर दोनदा पडली, दुसऱ्या दिवशी पडलीच नाही. लेक नोकरीच्या गावी आहे म्हणून वाचली.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. मधोमध हातभर लांबीचा पाऱ्याचा दिवा, त्याच्याभोवती सतत फिरणारं पाणी, आणि त्या सगळ्याला गुंडाळलेला चंदेरी कागद, कारण त्या दिव्याचा उजेड डोळ्यांना वाईट. खिडक्यांनाही काळे पडदे. उजेडाचा अभ्यास करणारी आमची खोली अख्ख्या इमारतीत सगळ्यांत अंधारी आहे.

काम असं: सहा कोपऱ्यांचं एक कडं, त्याच्या एका टोकाला दोन जड गट लोंबकळतायत. त्याच्यावर अतिनील उजेड पडला की एक बंध सुटतो, दुसरीकडे जुळतो, आणि त्याच अणूंचं वेगळं घर उभं राहतं. बाहेरून काही आलं नाही, आतलं काही गेलं नाही. नुसतं तापवून हे होत नाही, उजेडच लागतो. तुम्हाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण लिहिताना मलाच बरं वाटलं. या तऱ्हेच्या पुनर्रचना जुन्याच आहेत, आमच्या रेणूची मात्र अजून कुणी केलेली नाही.

माझे मार्गदर्शक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मनात मी त्यांना छोटे सर म्हणते. मी खोलीत शिरले की ते उठून उभे राहतात, मी शाळेतल्या सवयीनं 'बसा' म्हणते, आणि सगळी खोली बसते.

ऑक्टोबरात समितीपुढे वर्षाचं काम दाखवायचं आहे. हाती काही नसेल तर नाव कमी होतं, आणि माझ्या वयाला पुन्हा प्रवेश मिळत नाही. समितीच्या अध्यक्षबाईंनी मुलाखतीतच विचारलं होतं, "ही हौस आहे की काम?" ते उत्तर अजून देणं आहे.

एक अट आहे. मी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि छोट्या सरांना फोन तर मुळीच करायचा नाही. तुमचं नाव त्यांना पुस्तकांतून माहीत आहे. तुम्ही माझे दीर आहात हे माहीत नाही. तसंच राहू दे.

तुमची,
वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. शिपाई डोकावून म्हणाला, "सर, काही वाईट?" म्हटलं, "नाही रे, वहिनी शिकतेय." त्याला काय कळलं कोण जाणे, पण जाताना दार हळूच लावून गेला.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी नववीत होतो आणि रसायनशास्त्र ही माझ्या दृष्टीनं पाठ करायची शिक्षा होती. जेवायच्या टेबलावर उकडलेले बटाटे आणि आगकाड्या घेऊन तू रेणू बांधून दाखवलेस. मग आईनं त्याच बटाट्यांची भाजी केली आणि मी ताटात कार्बन हुडकत बसलो. आज लोक मला 'सर' म्हणतात ते त्या बटाट्यांमुळे. हे मी कुठल्याही भाषणात सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं.

अट मान्य. तेव्हा पुढचा मजकूर सल्ला नाही, दिराची बडबड समज. विद्रावक अगदी कोरडा हवा. द्रावणातली हवा आधी नायट्रोजन सोडून हाकलून दे. आमच्या प्रयोगशाळेत याशिवाय दिवा लावायची कुणाला परवानगी नाही.

दादाला म्हणावं, चहाला आधी पाणी लागतं.

तुझा,
भावोजी

१८ एप्रिल

भावोजी,

तुमची बडबड मी सल्ल्यासारखी पाळली. विद्रावक कोरडा केला, हवा हाकलली. तरी नळीत उतरतं काय, तर तपकिरी चिखल. दोन महिने चिखल.

छोट्या सरांची पद्धत साधी आहे: मूळ पदार्थ संपेपर्यंत दिवा चालू ठेवायचा. मी ठेवते. मग त्यातला थेंब त्या लहानशा प्लेटवर टेकवते, जिच्यावर मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीला चढून ठिपके होऊन बसतात. वरचा ठिपका मूळ पदार्थाचा. तो गेलेला असतो. त्याच्या जागी हवा तो नवा ठिपका कुठेच नाही, तळाशी नुसता फरपटलेला डाग. आणि नळीच्या आतून डांबरासारखा थर. तो घासून काढता काढता माझ्या हाताला इतका जोर आलाय की परवा घट्ट बसलेलं बरणीचं झाकण मी उघडलं आणि तुमचे दादा बघत राहिले.

छोटे सर भले आहेत. रोज म्हणतात, "होईल, मॅडम." पण हल्ली ते 'होईल' म्हणताना माझ्याकडे न बघता नळीकडे बघतात. काल जिन्यात अध्यक्षबाई भेटल्या. "कसं चाललंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "चाललंय." त्या वर गेल्या, मी खाली. दोघींनाही कळलं की काही चाललेलं नाही.

तेव्हा माझी अट मीच मोडते. आता विचारते. तुम्हाला काय वाटतं?

वहिनी

३ मे

वहिनी,

विचारलंस, बरं वाटलं. मला तर जवळजवळ खात्री आहे. उष्णता. त्या दिव्याभोवती पाणी फिरत असलं तरी नळीतलं द्रावण नक्की कोमट होत असणार. तुझा नवा पदार्थ नाजूक आहे. त्यात तीन कोपऱ्यांचं ताणलेलं कडं आहे, ते उबेनं उकलत असेल. नळी बर्फात ठेव. बाकी छोट्या सरांची पद्धत बरोबर आहे, मूळ पदार्थ संपेपर्यंत थांबायलाच हवं, नाहीतर दोन्ही वेगळे करताना दमशील.

आणि जिन्यात अध्यक्षबाई भेटल्या तर एवढ्यात 'चाललंय' म्हणू नकोस. 'थंड करून बघतेय' म्हण. खरं असलं की आवाज आपोआप नीट लागतो.

तुझा,
भावोजी

१ जून

भावोजी,

बर्फ ठेवला. तीन आठवडे ठेवला. आधी गरम चिखल होता, आता गार चिखल झाला. एवढाच फरक.

पण बातमी पुढे आहे, तेव्हा पत्र खाली ठेवू नका. मागच्या मंगळवारी दिवा लावून मी नुकती खुर्चीवर टेकते तोच फट्कन आवाज झाला आणि आमचा मजला अंधारात गेला. फ्यूज उडाला. शेजारच्या खोलीतल्या मुली बाहेर जाऊन गप्पा मारत बसल्या. छोटे सर म्हणाले, "आजचं फुकट गेलं, मॅडम. ओतून टाका." मी ओतायला उचललंही. पण ते द्रावण जेमतेम पिवळसर झालं होतं, आणि इतकी स्वच्छ नळी मी फेब्रुवारीपासून बघितली नव्हती. टाकवेना. म्हटलं, एक थेंब प्लेटवर टेकवायला वीज कुठे लागते?

वीज आल्यावर प्लेट बघितली. वर मूळ पदार्थाचा मोठा ठिपका होता, जवळजवळ सगळा तसाच. त्याच्या खाली, मधोमध, एक बारीक ठिपका. नवा. तळाला डाग नाही.

मी सरांना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं, आणि खाली बसले. मी 'बसा' न म्हणता ते बसले, ही पहिलीच वेळ.

म्हणजे, भावोजी, आपला पदार्थ रोज तयार होत होता. तयार व्हायचा, आणि तोच दिवा त्याला पुन्हा मोडायचा. मूळ पदार्थ संपेपर्यंत थांबायचं या नादात आम्ही रोज जन्मलेलं मूल रोज घालवत होतो. उष्णतेचा काही संबंध नव्हता. तुमचा अंदाज चुकला, हे लिहिताना मला किंचित आनंद होतोय, तो लपवत नाही.

अडचण अशी की लवकर दिवा बंद केला तर हाती येतं ते नखाएवढंही नाही. त्यातून शुद्ध पदार्थ काढून समितीपुढे काय ठेवणार? पुढे काय करावं, लिहा.

वहिनी

१२ जुलै

भावोजी,

पत्राचं उत्तर आलं नाही. सहा आठवडे होत आले. तुमच्याकडून असं कधी होत नाही.

मागचं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. 'अंदाज चुकला' असं लिहिलं होतं, आणि आनंद होतोय असंही लिहिलं होतं. चेष्टा होती. पण शाळेत मुलांना चुकलं की चुकलं म्हणायची सवय, ती पत्रात तशीच उतरली असेल. एवढ्या वर्षांत तुमचं चुकलं असं तुमच्या तोंडावर कुणी म्हटलं नसेल, आणि मी म्हटलं ते कागदावर, म्हणजे खोडताही येणार नाही असं. दादा म्हणतात, "तो कामात असेल, उगीच खाजवून खरूज काढू नकोस." तरी लिहिते. राग असेल तर लिहून टाका, मनात ठेवू नका.

इकडे काम रडतखडत. दिव्याचा मारा कमी व्हावा म्हणून साधी जाड काच मधे घालून पाहिली, थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

वहिनी

२९ जुलै

वहिनी,

राग? तू फार दुरून चुकीच्या गल्लीत शिरलीस. आता सगळं सांगतो.

मागे मी 'आमच्या प्रयोगशाळेत' असं ऐटीत लिहिलं होतं. प्रयोगशाळा आहे, दारावर माझ्या नावाची पाटीही आहे. पण विभागप्रमुख झाल्यापासून मी तिच्यात पाऊल टाकलेलं नाही. मी सह्या करतो. रजेच्या अर्जांवर, खुर्च्यांच्या खरेदीवर, दुसऱ्यांच्या प्रयोगांवर. बर्फ ठेव म्हणून तुला सांगितलं ते खुर्चीत बसून, डोळे मिटून. नळीसमोर उभा असतो तर तसं सांगितलं नसतं.

तुझं फ्यूजचं पत्र आलं त्या दिवशी बैठक होती. मी बैठकीत ते पत्र टेबलाखाली वाचत होतो, शाळेतल्यासारखा. संपताच किल्ली मागवली. आमचा दिवा भांडारात मोडक्या खुर्च्यांखाली निघाला, त्याच खुर्च्या ज्यांच्या बदली नव्या घेण्यावर मी सही केली होती. दिवा पुसला, पाण्याची नळी बदलली. तुझा मूळ पदार्थ आधी तयार करावा लागला, आणि माझे हात इतके विसरलेत की पहिल्यांदा सगळं सांडलं. विद्यार्थी आधी दारातून बघत होते, मग आत आले, मग त्यांच्यातल्या एकीनं माझ्या हातातून चंचुपात्र काढून घेतलं. म्हणाली, "सर, मी धरते." ते बरं झालं.

तुझा ठिपका मला मिळाला, वहिनी. मधोमध, तू लिहिलास तसाच. तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुला उत्तर लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. एवढ्यासाठी वेळ गेला. तू वाट बघत असशील हे सुचलं नाही, तेवढं मात्र चुकलं.

आता कामाचं. आम्ही दोन्ही पदार्थ कुठला उजेड पितात ते मोजलं. मूळ पदार्थ अतिनीलातला जांभळ्याच्या जवळचा, सौम्य भागही पितो. नव्या पदार्थाला तो चालत नाही, त्याला त्याच्या पलीकडचा तिखट भागच लागतो. म्हणजे दिवा आणि नळी यांच्यामधे अशी काच हवी जी तिखट अडवेल आणि सौम्य सोडेल. मग मूळ पदार्थ बदलत राहील आणि नवा सुखानं पडून राहील. साध्या काचेची सीमा थोडी पलीकडे पडते, ती तिखटातला बराच भाग सोडते, म्हणून तुला थोडाच फरक दिसला. तशी खास काच मागवायची तर ऑक्टोबर उलटेल. इथेही नाही, मी शोधली. यावर काय करायचं ते मला सुचलेलं नाही. या वेळी अंदाज करत नाही.

तुझा,
भावोजी

२३ ऑगस्ट

भावोजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तुमच्या दादांना वाचून दाखवलं. तुम्ही सगळं सांडलंत तिथे ते इतके हसले की शेजारच्या बाई विचारायला आल्या. हसू झालं की म्हणाले, "सह्या करून करून बिचारा वाळला असेल. त्याला आधीच लिहायला हवं होतंस." म्हणजे चूक माझीच निघाली. असो, या घरात असंच चालतं.

काच मिळाली. कुठे, ते ऐका.

शनिवारी दुकान लवकर बंद करून आम्हाला दोघांना बाहेर जायचं होतं. मी बाकावर बसून वाट बघत होते. एक गृहस्थ उन्हाच्या चष्म्यासाठी घासाघीस करत होते आणि दादा त्यांना नेहमीचं सांगत होते: नुसती काळी काच उपयोगाची नाही, वाईट किरण अडवणारी हवी, आणि प्रत्येक काच वेगवेगळ्या ठिकाणी अडवते. हे वाक्य मी लग्नापासून ऐकतेय. ऐकतेय म्हणजे कानांवर पडतंय. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ते गृहस्थ जायच्या आत मी काउंटरच्या आत शिरले. "तुमच्याकडे किती तऱ्हेच्या काचा आहेत?" दादा म्हणाले, "आता? आपल्याला बाहेर जायचंय ना?" मी म्हटलं, "जायचंय. पण या घेऊन जायचंय." ते गृहस्थ चष्मा न घेताच गेले.

सोमवारी मी पिशवीभर काचा घेऊन विद्यापीठात. छोट्या सरांनी एकेक काच यंत्रात घालून ती कुठला उजेड अडवते ते काढलं. बहुतेक निकामी. काही फार अडवत होत्या, काही काहीच नाही. शेवटी उपयोगी पडल्या त्या दुकानाच्या माळ्यावरच्या एका जुन्या खोक्यातल्या न घासलेल्या जाड चकत्या, किंचित पिवळट, कुणाला आवडत नाहीत म्हणून पडून राहिलेल्या. त्यांची सीमा बरोबर तुम्ही लिहिलीत तिथे.

चकती गोल, दिवा लांब. मग आम्ही दिव्याभोवती एक बंद पेटी केली, तिला एक खिडकी ठेवली, खिडकीत चकत्या, आणि खिडकीसमोर नळी. चकत्यांमधल्या फटींतून तिखट उजेड निसटला असता, म्हणून दादांनी त्यांच्या कडा चाकावर घासून सरळ करून दिल्या. रविवारभर घासत होते. "कुणासाठी एवढं बसवताय?" मी विचारलं. म्हणाले, "गिऱ्हाईक कोण ते तू सांग." मी त्यांना समजावलं: दिव्याचा सगळा उजेड नको, त्यातला थोडाच हवा, त्यासाठी त्याच्यापुढे ही काच. त्यांनी चाक थांबवलं आणि म्हणाले, "म्हणजे उजेडालाही नंबर लागला तर."

आता निकाल. सावकाश चालतं. आधी तासाभरात चिखल व्हायचा, आता दिवसभर दिवा लागतो. पण वरचा ठिपका लहान होत जातो, मधला मोठा, आणि तळाशी काही नाही. नळी मला घासावीही लागत नाही, विसळली की झालं.

आता एकच राहिलं. पदार्थ मिळतो तो दाट तेलासारखा. स्फटिक पडत नाहीत. स्फटिक असल्याशिवाय त्याची रचना नक्की करता येणार नाही, आणि समितीला तीच हवी.

छोट्या सरांना अखेर सांगून टाकलं तुम्ही कोण ते. ते उभे राहिले. मी म्हटलं, "बसा."

वहिनी

९ सप्टेंबर

वहिनी,

घाईत लिहितोय, टपाल निघतंय. तेलाला उगीच छळू नकोस. थोड्या विद्रावकात विरघळवून, झाकण अर्धवट लावून थंड कोपऱ्यात ठेव, आणि रोज काचकांडीनं बाटलीची आतली बाजू एकदा खरवड. एवढंच. काही पदार्थांचा स्वभावच तसा असतो, त्यांना स्फटिक व्हायचं असतं पण कुणी बघत असलं की होत नाहीत.

गुरुवार सकाळ मी सह्यांसाठी बंद ठेवली आहे. कारकून चिडलेत. विद्यार्थी मला आता चंचुपात्र धरू देतात, पण अजून ओतू देत नाहीत.

दादाला सांग, नंबराचं वाक्य मी सगळ्या विभागाला ऐकवलं.

तुझा,
भावोजी

२१ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

माझं पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. वहिनी लिहिणार होती, पण ती सकाळीच प्रयोगशाळेत गेली. म्हटलं, या वेळी मीच लिहावं.

समिती परवा झाली. ही संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले, जेवली, आणि सरळ झोपली. मला वाटलं, गेलं. विचारायचा धीर झाला नाही. थोड्या वेळानं तिच्या छोट्या सरांचाच फोन आला आणि त्यांनी सगळं सांगितलं. तिला म्हणे पाऊण तास उभं केलं होतं. अध्यक्षबाईंनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हेच विचारलं, की हे उजेडानंच होतंय कशावरून, दिव्याच्या उष्णतेनं होत नसेल कशावरून? हिनं बर्फातल्या प्रयोगांचे कागद पुढे केले. तीन आठवड्यांचे. गारही तेच, गरमही तेच. तुझा तो चुकीचा सल्ला तिथे खणखणीत वाजला, एवढं तुला कळवायलाच हवं. मग त्यांनी रचनेबद्दल विचारलं, ती तर आता फोटोसारखी पक्की झाली आहे. सरतेशेवटी बाई म्हणाल्या, "मुलाखतीत मी तुम्हाला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं." ही म्हणाली, "दोन्ही आहे. नुसती हौस असती तर एप्रिलमध्ये सोडून दिलं असतं, आणि नुसतं काम असतं तरी एप्रिलमध्येच." बाई हसल्या म्हणे. पुढची मंजुरी तिथल्या तिथे दिली.

काल सकाळी मी हिला म्हटलं, "सांगायचं तरी." तर म्हणाली, "दमले होते. आणि तुम्हाला माहीतच होतं की." मला काय माहीत होतं, डोंबल.

पण मला तुला सांगायचं आहे ते समितीचं नाही. त्याआधीचं.

महिनाभर ती बाटली कोपऱ्यात होती. ही रोज जायची, काडीनं खरवडायची, यायची. मी विचारायचो, "झालं?" ती म्हणायची, "तेल." मग मी विचारणं सोडलं. एका सकाळी मी दुकान उघडतोय तोच हिचा फोन. आवाज अगदी साधा. "जरा येता का?" म्हणाली. "येताना तुमचं भिंग आणा."

दुकानाचं शटर पुन्हा ओढलं आणि गेलो. इतक्या महिन्यांत मी तिथे पहिल्यांदाच गेलो, हे जिना चढताना लक्षात आलं. तिसऱ्या मजल्यावर धाप लागली. काळे पडदे, चंदेरी कागद, सगळं हिच्याकडून ऐकल्यासारखंच, पण लहान. खोली लहान आहे रे. माझ्या मनात मी ती केवढी मोठी केली होती. ती पेटी एका टेबलावर होती, मी रविवारभर घासलेल्या चकत्या तिच्या खिडकीत. मी आधी कडा तपासल्या. सवय.

तिनं पांढरा कोट घातला होता. शाळेत कधी घालताना पाहिला नव्हता. केस मागे बांधलेले, कोटाच्या बाहीवर एक तपकिरी डाग. तिनं बाटली माझ्या हातात दिली नाही, स्वतःच्या हातात धरली, खिडकीचा पडदा एका बाजूनं बोटभर सरकवला, आणि म्हणाली, "इथून बघा."

मी भिंग डोळ्याला लावलं. आधी नुसती धूसर काच. मग हात स्थिर केला. बाटलीच्या आतल्या बाजूला, जिथे ती रोज खरवडायची तिथे, बारीक बारीक सुया उगवल्या होत्या. पांढऱ्या नाहीत, पाण्यासारख्या, आरपार. एकीवर एक तिरक्या टेकलेल्या. काही केसापेक्षा बारीक. कुणी हातानं रचल्या असत्या तर इतक्या नीट रचता आल्या नसत्या. मी लेन्सवरचा एवढासा ओरखडा पकडणारा माणूस, पण यांत मला एकही दोष सापडला नाही.

ती श्वाससुद्धा सावकाश घेत होती, बाटली हलू नये म्हणून. मग विचारलं, "दिसतंय?"

धाकट्या, तीस वर्षं मी हा प्रश्न लोकांना विचारतोय. दिवसातून पन्नासदा. काच बदलायची आणि विचारायचं, दिसतंय? आता? आता स्पष्ट दिसतंय? मला तो कुणी कधी विचारला नव्हता. भिंगाची काच माझ्याच वाफेनं धुरकट झाली. ती पुसून मी पुन्हा डोळ्याला लावली, बाटलीकडे बघितलं, मग बाटली धरलेल्या हाताकडे, मग तिच्याकडे.

म्हटलं, "दिसतंय."

तुझा,
दादा